तसबिरीवरचा पाय

माझ्या मावसभावाने एका परदेशी माणसाला फसवलं, आणि तो फसवला जात असताना मी तिथेच बसलो होतो. त्याच वेळी त्याने मलाही फसवलं. पण माझं नंतर. आधी त्या माणसाचं.

मी पेणला मूर्तींचा कारखाना चालवतो. आमच्याकडे मूर्ती घडवायच्या शेडला कारखानाच म्हणतात, मग आत दोन माणसं असोत की पन्नास. मी मूळचा जवळच्याच जिते गावचा. शाळा सुटली की गाडी पकडून पेणला यायचो आणि दुसऱ्यांच्या कारखान्यात साच्यांत माती दाबायचो. पुढे स्वतःची शेड उभी केली ती कोणाच्या मेहेरबानीने नाही. तापट आहे हे मला माहीत आहे, आणि धंद्यात त्याचा फायदाच झाला आहे. मुंबईची गिऱ्हाइकं दारातच एकमेकांना सांगतात, शेटचा पारा चढायच्या आत हो म्हणून टाका.

एक गोष्ट मी फार लवकर शिकलो. गिऱ्हाईक मूर्तीकडे नुसतं बघत असेल तोवर त्याच्याशी गोड बोलायचं. त्याने मूर्तीला हात जोडले, मान झुकवली, की समजायचं हा आता दुसरीकडे जात नाही. मग एक रुपयासुद्धा सोडायचा नाही. मंडळांची पोरं तर माझ्याच पाया पडतात. "शेट, पाया पडतो तुमच्या, जरा बघा ना." वर्षानुवर्षं हेच बघितल्यामुळे कोणी वाकलं की माझं मन आपोआप कडक होतं. वाकणं म्हणजे भाव पाडायला सुरुवात, एवढाच त्याचा अर्थ माझ्या डोक्यात बसला आहे.

आणि मूर्ती म्हणाल, तर कारखान्यात ती देव नसते. ती माल असते. मोठ्या गणपतीचा मुकुट रंगवायचा तर कारागीर त्याच्या मांडीवर पाय देऊनच चढतो. लहान मूर्तीचं डोकं घासायचं तर ते पायांच्या दोन तळव्यांत धरावं लागतं, कारण हात दोन्ही कामात असतात. घरी नेऊन प्राणप्रतिष्ठा झाली की देव. त्याआधी माती. यात कोणाला काही वावगं वाटत नाही, मलाही कधी वाटलं नाही.

माझा मावसभाऊ रोह्याजवळच्या निडी गावचा. तिथल्याच धाटावच्या कंपन्यांमध्ये बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांसाठी त्याच्या गाड्या लागतात. स्टेशनवरून आण, गेस्ट हाऊसला सोड, रविवारी फिरवून आण. पाहुण्यांसोबत राहून त्याला कामापुरतं इंग्रजी येऊ लागलं. मला येत नाही. त्यामुळे परदेशी गिऱ्हाईक आणायचा तो, त्याचं बोलणं मला सांगायचा तो, आणि माझं त्याला सांगायचाही तोच. मी त्याला त्याचा वाटा देत आलो. कधी हात आखडला नाही.

एका कंपनीत नवीन प्लांट बसवायला थायलंडचा एक माणूस आला होता. चाळिशीतला, बारीक, बोलताना आवाज खाली ठेवणारा. दसऱ्याच्या सुमारास भावाने त्याला रोह्याची पालखी दाखवायला नेलं, आणि मीही त्या वेळी रोह्यालाच होतो. आमच्या त्या ग्रामदैवताला सगळे महाराजच म्हणतात. पालखी निघताना पोलीस रांगेत उभे राहून बंदुकांनिशी सलामी देतात. आम्हाला त्यात नवल नाही. पण हा माणूस सलामीचा हुकूम ऐकल्याबरोबर जागच्या जागी ताठ झाला, मग बूट काढून बाजूला ठेवले आणि गर्दीत जेवढं वाकता येईल तेवढा वाकला. नंतर भावाला काहीतरी म्हणाला. भावाने मला सांगितलं, "दादा, हा बोलतोय, तुमच्याकडं देवाला राजाची सलामी देतात, आमच्याकडं राजाला देवासारखं वाकतात. तुमची माणसं आपली वाटली बोलतोय."

मला तेव्हा बरं वाटलं. त्या वाक्यामुळेच तो माझ्याकडे आला हे आता कळतं, आणि म्हणून ते वाक्य आठवायला नको वाटतं.

थंडीत भाऊ त्याला कारखान्यात घेऊन आला. त्याच्याजवळ एक तसबीर होती, वर्तमानपत्रातल्या जुन्या छायाचित्राची मोठी कागदी प्रत. त्यांचे आधीचे राजे, आता हयात नसलेले, एका खेड्यात जमिनीवर मांडी घालून बसलेत. पुढ्यात नकाशा, आणि समोर बायकांची रांग, सगळ्यांची कपाळं जमिनीला टेकलेली. त्यातली एक त्याची आई. राजे तिच्यासमोर बसून विचारत होते की भाताला पाणी पुरतं का. तिने उत्तर दिलं, पण मान वर केली नाही. तशी रीतच नव्हती. समोरासमोर बसलेला राजा तिने पाहिलाच नाही. पाहिला तो नकाशाचा कोपरा आणि त्यांचे हात. आता ती अंथरुणाला खिळली आहे. तिला त्या बैठकीतली मूर्ती हवी होती, जमिनीवर बसलेली. त्यांच्याकडे दुकानात मिळतात त्या उभ्या किंवा सिंहासनावरच्या.

मी भाव सांगितला. त्याने मान्य केला. घासाघीस न करणारं गिऱ्हाईक मला आवडत नाही, संशय येतो. पण काम वेगळं होतं, म्हणून कारागिरांना न देता मी स्वतः करायला घेतलं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर कोणी म्हणेल याला बिचाऱ्याला काय ठाऊक. त्याच वर्षी आम्ही छत्रपती महाराजांचे अर्धपुतळे एका टेम्पोत भरत होतो. टेम्पोवाल्याने जागा नाही म्हणून एका पुतळ्याच्या खांद्यावर स्टेपनी टेकवली. मी त्याच्या कानाखाली वाजवली होती. भर रस्त्यात. "तुझ्या बापाच्या फोटोवर टायर ठेवशील काय रे?" असं मी त्याला विचारलं होतं. पुतळा अजून रंगवलेलाही नव्हता. म्हणजे माल वगैरे सगळं मी गणपतीच्या बाबतीत बोलतो. राजाची गोष्ट आली की मलाही सगळं कळतं. आपला राजा असला तर.

काम निम्मं झाल्यावर एका रविवारी भाऊ त्याला मूर्ती दाखवायला घेऊन आला. मी फरशीवर बसलो होतो. धड पाटावर होतं, आणि डोकं वेगळं काढून मी पायांच्या तळव्यांमध्ये धरलं होतं, कोरणीने कानाची पाळी काढत होतो. तसबीर शेजारी जमिनीवर होती. पंख्याने उडू नये म्हणून तिच्यावर चहाचा ग्लास ठेवला होता.

त्याने दारातच बूट काढले. दोन पावलं आत आला आणि थांबला. मग गुडघ्यांवर बसला. माझ्यापासून सहा फुटांवर, ओल्या मातीत, इस्त्रीची पँट घालून. दोन्ही हात जोडले आणि मान खाली घालून भावाला हळू आवाजात इंग्रजीत काहीतरी म्हणाला. तसाच गुडघ्यांवर पुढे सरकत आला.

मी भावाकडे बघितलं. "काय बोलतोय?"

भावाने आधी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. तो क्षण मी नंतर शंभर वेळा आठवून बघितला आहे. मग म्हणाला, "भाव जास्त होतोय बोलतो, दादा. आईचं आजारपण हाय. काय तरी कमी करा बोलतोय."

माझं डोकं फिरलं. काम अर्ध्यावर, माती लागलेली, दिवस गेलेले, आणि आता हा गुडघे टेकतोय. मी म्हटलं, "याला सांग, ठरलेल्या भावात एक पैसा हलणार नाय. हितं रोज लोक पाया पडतात."

भाऊ त्याच्याशी इंग्रजीत बोलला. तो माणूस आणखी पुढे आला, हात लांबवून त्याने चहाचा ग्लास उचलून बाजूला ठेवला आणि खिशातून रुमाल काढला. ग्लासाचं ओलं वर्तुळ राजाच्या गुडघ्यावर उमटलं होतं. ते त्याने टिपलं. मग दोन्ही हातांनी तसबीर उचलायला लागला.

मला वाटलं ऑर्डर मोडून निघाला. मी मूर्तीचं डोकं मांडीवर घेतलं आणि डावा पाय तसबिरीच्या कोपऱ्यावर ठेवला.

चहाचे रिकामे ग्लास न्यायला माझी बायको तेवढ्यात आत आली होती. ती म्हणाली, "अहो, पाय काढा. कुणाचा तरी फोटो हाय तो."

"तू ग्लास घे आणि जा."

"कुणाचा का असंना, पाय कशाला?"

"जा बोललो ना!"

तो माणूस माझ्या पायाकडे बघत होता. त्याने तसबीर ओढली नाही. ओढली असती तर फाटली असती. त्याने हात सोडले आणि कपाळ जमिनीला टेकवलं, माझ्या अंगठ्यापासून हातभर अंतरावर. मला तो माझ्या पाया पडतोय असं वाटलं. मी म्हणालो, "आणि हे नाटक बंद करायला सांग. पाया पडून भाव उतरत नाय."

भाऊ त्याला दंडाला धरून बाहेर घेऊन गेला. गाडीजवळ त्यांचं बोलणं झालं. त्याने पाकीट काढलं, भावाने काहीतरी खिशात घातलं. मी दारातून बघितलं आणि गाडीचं भाडं असेल म्हणून सोडून दिलं. भाऊ परत येऊन हसत म्हणाला, "झालं दादा. भाव तोच. फक्त फोटो वर टांग, त्याचं समाधान."

मी जिंकलो होतो. पाय काढला, तसबीर उचलली आणि चिमटा लावून भिंतीवर खिळ्याला अडकवली. गणपतीच्या साच्यांच्याही वर. तो दारात उभा राहून बघत होता. मग वाकून निघून गेला.

आमच्याकडे कोणाला चुकून पाय लागला तर आपण लगेच हात लावून तो छातीला लावतो. माणसाला, पुस्तकाला, केरसुणीलासुद्धा. मी हे दिवसातून दहा वेळा करतो, मातीच्या गोणीला पाय लागला तरी हात आपोआप जातो. त्या दिवशी गेला नाही. एवढं केलं असतं तर त्याला दुभाष्याची गरज पडली नसती. जगात कुठल्याही माणसाला ते कळलं असतं.

मूर्ती पूर्ण झाली. चांगली झाली, हे मी माझ्याच तोंडाने सांगतो. उन्हाळ्यात त्याचं काम संपलं आणि तो परत जाणार होता. भाऊ त्या दिवशी पाहुण्यांना घेऊन पुण्याला गेला होता, म्हणून मी स्वतःच टेम्पो घेऊन रोह्याच्या गेस्ट हाऊसवर मूर्ती पोहोचवली. तसबीरही सोबत होती.

खोलीत गेल्यावर त्याने आधी कपाट मोकळं केलं. वरच्या फळीवर धुतलेला कपडा अंथरला, तसबीर तिथे ठेवली आणि मगच मला बसायला सांगितलं. मग फोन काढला. त्यात तो त्याच्या भाषेत बोलायचा आणि फोन हिंदीत सांगायचा. मी हिंदीत बोललो की उलटं. भावाशिवाय आमचं हे पहिलंच बोलणं.

फोन म्हणाला, मूर्ती फार सुंदर आहे. फोन म्हणाला, त्या दिवशी मी तुमच्या कामाच्या जागेत गडबड केली, माफ करा. मी म्हटलं, काही हरकत नाही.

मग फोन म्हणाला, "आपने शुद्धि की पूजा की थी?"

मला कळेना. मी विचारलं, कसली पूजा? तो खूप वेळ बोलला, आणि फोनने तुकड्यातुकड्यांत सांगितलं. तुमच्या भावाने सांगितलं होतं की इथे मूर्ती पायांत धरून घडवायची पद्धत आहे, फोटोही खालीच ठेवतात. तो वर ठेवायचा असेल आणि पाय लागल्याची शुद्धी करायची असेल तर मालक वेगळी पूजा घालतो, त्याचा खर्च वेगळा. तो खर्च मी भावाकडे दिला. ती पूजा झाली ना? कारण मूर्ती आईच्या उशाशी राहणार आहे.

मी धंद्याचा माणूस आहे. समोरच्याचं अर्धं वाक्य ऐकून पुढचं ओळखतो. त्या खोलीत सगळं माझ्या डोळ्यांसमोर आलं. भाव कमी करा असं तो कधी म्हणालाच नव्हता. राजापेक्षा उंच उभं राहायचं नाही म्हणून तो खाली बसला होता. राजा जमिनीवर होता, तर तो आणखी खाली. आणि माझा पाय उचलला जावा म्हणून त्याने माझ्या भावाला पैसे मोजले होते.

तो फोन पुढे धरून माझ्या उत्तराची वाट बघत होता.

मी म्हटलं, "हो. केली."

फोनने ते त्याला सांगितलं. त्याचा चेहरा सैल झाला. त्याने मला हात जोडून नमस्कार केला, बोटं कपाळापर्यंत नेऊन. आयुष्यात एवढ्या लोकांनी मला हात जोडले, पण त्या नमस्काराने मला घाम फुटला. मी टेम्पोत बसलो आणि नागोठण्यापर्यंत किती गाड्या मागे टाकल्या ते मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी मी निडीला गेलो. भाऊ अंगणात गाडी धूत होता. मी त्याला विचारलं, पूजेचे पैसे कुठे आहेत?

तो पाइप बंद करून म्हणाला, "कळलं काय तुला? मोठी रक्कम नव्हती रे."

"रकमेचं विचारत नाय मी. तो काय बोलला होता त्या दिवशी?"

"आता मला काय आठवतंय."

"त्यानं भाव कमी करायला सांगितला होता?"

"दादा, ओरडू नकोस, शेजारी ऐकतायत. तुझं काय नुकसान झालं? तुला तुझा भाव मिळाला ना?"

"माझ्याकडून त्या माणसाच्या देवावर पाय देववलास तू!"

तेव्हा तो हसला नाही. पाइप हातात तसाच धरून म्हणाला, "मी भाव कमी करायचं बोललो, व्हय. पाय ठेव असं बोललो काय? वहिनी तुला दोनदा बोलली, पाय काढा. मी हुतो तिथं. तू काढलास? पैसे मी खाल्ले, मान्य हाय. पण पाय तुझा होता, दादा. माझा नव्हता."

मी हात उगारला होता. तो तसाच खाली आला. मी निघून आलो. तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे, आणि त्याच्या एकाही पाहुण्याला मी दारात उभं केलेलं नाही.

बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, फोन करा त्या माणसाला, खरं सांगा, माफी मागा. मला ते सोपं वाटलं होतं. नंबर होता, आता फोनला भाषाही येते. मी दोन वेळा बोलायला बसलो. पण तेवढ्यात त्याचाच फोटो आला. बांबूच्या पलंगावर एक म्हातारी, अगदी चिमूटभर उरलेली. तिच्या डोक्याकडच्या उंच फळीवर माझी मूर्ती, फुलं, उदबत्ती. कोणीतरी तिला पाठीला आधार देऊन बसवलंय आणि ती मान मागे टाकून वर बघते आहे. खाली त्याने लिहून पाठवलं होतं आणि फोनने त्याचं हिंदी केलं होतं: त्या दिवशी समोर बसलेल्या राजांचा चेहरा आईने पहिल्यांदाच समोरासमोर पाहिला. रोज सकाळी बघते. ज्यांनी पूजा केली त्यांना आशीर्वाद सांगते.

आता कसं सांगू? खरं सांगितलं तर ती मूर्ती त्या फळीवरून खाली येणार. पायांत धरलेल्या डोक्याची शुद्धी झालीच नाही हे कळल्यावर तो मुलगा ती आईच्या उशाशी ठेवणार नाही. तिला पुन्हा नकाशाचा कोपरा आणि हात, एवढंच. आणि नाही सांगितलं तर रोज सकाळी तिचा आशीर्वाद माझ्या नावावर जमा होतोय, जो माझा नाही. बायको म्हणते, मग आता तरी पूजा घाला. कोणाची घालू? मूर्ती तिथे, तसबीर तिथे. ज्या फरशीवर ती तसबीर पडली होती तिथे मी एकदा सगळे कारागीर गेल्यावर वाकून हात टेकवला. मलाच वेड्यासारखं वाटलं. हाताला ओली माती लागली, ती धुऊन टाकली.

माझा पाय होता. हे मी इथे लिहून ठेवतो, नाकारत नाही. मी खोटं हो म्हटलं, तेही माझंच. ते मी माझं बघेन, त्याचा मार्ग मला सापडला नाही तर तसाच घेऊन मरेन.

पण मावसभावा, पेणात आणि रोह्यात तू चारचौघांत सांगत फिरतोस की दादाचं डोकं तापट, त्याने घात केला. तू ये माझ्या कारखान्यात. त्या फरशीवर बस, तो बसला होता तिथे. तुझ्या वहिनीसमोर सांग. गुडघ्यांवर बसून, हात जोडून, त्या माणसाने तुला नेमके काय शब्द सांगितले होते? ते शब्द फक्त तुलाच कळले. मी त्याला विचारू शकत नाही. मला ते शब्द हवेत. पैसे ठेव तुझ्याकडे, मला ते शब्द आणून दे. काय म्हणाला होता तो?